जमीन, जामीन आणि एक वही

आमच्या तालुक्याच्या गावी सध्या एका सत्कारावरून भांडण पेटलं आहे. सत्कार व्हायचा तो एका ले-आउटवाल्याचा. पंधरा वर्षांपूर्वी हा गडी दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गावोगाव सौदे जमवत फिरायचा, दोन टक्के दलालीवर. आज हायवेच्या दोन्ही अंगांना त्याचे प्लॉट पाडलेले आहेत, सिमेंटचे पांढरे खुंट उन्हात लांबून चमकतात. गेली काही वर्षं तो जिल्हा कारागृहातल्या गरीब कच्च्या कैद्यांची, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे त्यांची, जमानत भरतो. आधी गुपचूप भरायचा, आता त्याची बातमी होते. बराकीत पुस्तकांचं कपाट दिलं, सुटून येणाऱ्याला एसटीचं भाडं आणि महिन्याचा शिधा देतो. वाचनालयाच्या मंडळींनी त्याला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं आणि गाव दुभंगलं.

एक तट म्हणतो, हा पापाचा पैसा. शेतकऱ्याला लाखात गुंडाळायचं, त्याच वावराचे चौरस फुटावर कोटी करायचे आणि वरून दानशूर म्हणवून घ्यायचं. दुसरा तट म्हणतो, "पैशाले का वास येते का बाप्पा? देते तर घ्या ना!" पानठेल्यावर, मंडईत, लग्नाच्या पंगतीत हेच चाललंय. मी दोन्हीकडचं पुष्कळ ऐकलं. ऐकता ऐकता ध्यानात आलं की या सगळ्या वादात ले-आउटवाला आहे, शेतकरी आहे, पुढारी आहे, गाडगेबाबाही आहेत. आत बसलेला माणूस मात्र कुठंच नाही. ज्याच्या नावानं भांडण, त्याचंच नाव कुणी घेत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैसा घ्यावा, बिनदिक्कत घ्यावा. सत्कार करा की करू नका, त्यानं फारसा फरक पडत नाही. पण त्याच्याकडून पैशापेक्षा मोलाची एक वस्तू मागून घ्यायला हवी, आणि ती मागायचं ना समर्थकांना सुचलं ना विरोधकांना. ती म्हणजे त्याची वही. कुणासाठी भरले, कोणत्या गुन्ह्यात, किती रक्कम, आणि तो माणूस त्या रकमेपायी किती दिवस आत होता, हे सगळं तो लिहून ठेवतो. धंदेवाईक माणूस आहे, हिशेब ठेवणारच.

वहीचं महत्त्व कळायला आधी जमानत कशी होते ते पाहिलं पाहिजे, कारण वादाला बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक नाही. मलाही नव्हतं. आमच्याकडं सालदार राहिलेला एक माणूस फार वर्षांपूर्वी मोटरपंप चोरीच्या प्रकरणात आत गेला. कोर्टानं जामीन दिला. घरच्यांना वाटलं, सुटला. चार दिवस झाले, आठ झाले, माणूस घरी येईना. मग कळलं की जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीन होणं वेगळं. जातमुचलका, म्हणजे कैद्याची स्वतःची लेखी हमी, तर हवाच, वर तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार हवा. लायक म्हणजे सातबारावाला. त्याचा चालू उतारा, तहसीलचा ऐपतीचा दाखला, ओळखपत्र, फोटो, आणि स्वतः येऊन न्यायाधीशासमोर उभं राहायची तयारी. त्या सालदाराच्या ओळखीतली माणसं त्याच्यासारखीच, दुसऱ्याच्या वावरात राबणारी. सात पिढ्यांत कुणाच्या नावावर सातबारा नाही. आमच्या कपाटात चौदा एकरांचा होता. वडील 'कोर्टाची पायरी नको, उगाच सातबाऱ्यावर बोजा चढायचा' म्हणत टाळत राहिले, आणि मी शिकलेला मुलगा, मीही गप्प राहिलो. दोन महिन्यांनी त्याच्या बायकोनं अंगणात येऊन आईसमोर पदर पसरला तेव्हा वडील गेले. तो सुटून आला तोवर तुरीचा हंगाम संपला होता आणि घरच्या तिन्ही शेळ्या वकिलाच्या फीत गेल्या होत्या. पुढं खटल्यात तो निर्दोष सुटला. त्या दोन महिन्यांचा हिशेब मात्र त्याला कुणी दिला नाही. आम्हीही दिला नाही.

मराठीत जमीन आणि जामीन या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे. आमच्याकडं तेवढाही नाही. जमीन आहे त्याला जामीन आहे.

जामीनदार मिळत नाही म्हणून कोर्ट कधी रोख रक्कम भरायची मुभा देतं. पंधरा हजार समजा. नोकरदाराला ही रक्कम एका महिन्याची ओढाताण वाटेल. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मापानं मोजून पाहा. किलोला दहा रुपये धरले तर पंधराशे किलो कापूस. बोटांना बोंडं टोचून घेत दिवसाला तीस किलो वेचला, आणि त्यातला एक रुपयाही न खाता साठवला, तर पन्नास दिवस. तोवर वेचणीचा हंगाम तरी राहतो का? म्हणजे न्यायाधीशानं 'सोडा' म्हटलेला माणूस घरच्या बाईनं पन्नास दिवस उपाशी राहून कापूस वेचेपर्यंत आतच. ही शिक्षा कोणत्या कलमाखाली दिलेली असते?

हे काही आमच्याच जिल्ह्यापुरतं नाही. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. शंभरातले पंच्याहत्तरहून अधिक. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. तुरुंग भरले होते ते क्षमतेच्या १३१ टक्के. यातल्या सगळ्यांनाच पैशाअभावी ठेवलंय असं मी म्हणत नाही. अनेकांना जामीन नाकारलेला असतो, काही प्रकरणं गंभीरही असतात. पण ज्यांना कोर्टानंच सोडायला सांगितलं आणि जे केवळ ऐपत नाही म्हणून आत आहेत, त्यांच्याबद्दल तरी दुमत असायचं कारण काय?

आता विरोधकांकडं वळू, कारण त्यांची बाजू समर्थकांपेक्षा वजनदार आहे.

त्यांचा पहिला मुद्दा देणगीमागच्या हेतूचा. नगरपंचायतीची निवडणूक तोंडावर आहे आणि गड्याला तिकीट हवंय. असेलही. मला तर खात्री आहे की हवंय. पण हेतू शुद्ध असेल तरच दान घ्यायचं म्हटलं तर आपल्या गावातली किती देवळं, किती शाळाखोल्या, किती पाणपोया उभ्या राहतील? 'गाडगेबाबांनी असल्याचा पैसा घेतला असता का?' असं परवा एका गुरुजींनी मला विचारलं. गुरुजी, घेतलाच होता की! पंढरपूर, नाशिकच्या धर्मशाळा शेतमजुरांच्या चवल्या-पावल्यांवरच उभ्या राहिल्या नाहीत, त्यांत व्यापारीही होते. बाबांनी पैसा नाकारला नाही. त्यांनी नाकारली ती पैशाबरोबर येणारी मालकी, आणि स्वतःचं घरदारही त्या धर्मशाळांपासून चार हात लांब ठेवलं. वाद घालायचाच तर या फरकावर घाला.

दुसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत भारी आहे: आधी देणं, मग देणगी. इसारपावती करून वर्ष वर्ष रजिस्ट्री लांबवायची, मधल्या काळात भाव वाढवून तिसऱ्याला विकायचं, भावाभावांतल्या वाटणीच्या भांडणात एकाला फोडायचं, हे प्रकार आमच्या भागात झाले आहेत. समृद्धी महामार्गाची मोजणी सुरू झाली तेव्हापासून तर हायवेच्या आसपासच्या गावांत नात्यांचेही तुकडे पडले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, पण गुंठ्यागुंठ्यानं वावरं विकली गेलीच. ज्या शेतकऱ्याचं देणं बाकी आहे, तो म्हणतो, माझे बुडवून कैद्याला कशाला देता? याला उत्तर नाही, आणि मी देणारही नाही. त्याचं देणं लागतं. त्यासाठी कोर्ट आहे, महसूल खातं आहे, वेळ पडली तर गावाचा बहिष्कार आहे. दहा जणांची जमानत भरली म्हणून एकाही शेतकऱ्याचा दावा कमी होत नाही आणि होऊ देऊही नये. पण मला एक सांगा, ती वसुली होईपर्यंत आतल्या माणसानं थांबायचं का? शेतकऱ्याचं देणं बुडालं त्यात त्या कैद्याचा काय हात? एका गरिबाचा न्याय दुसऱ्या गरिबाच्या कोठडीला कुलूप म्हणून लावायचा, ही कुठली नीती?

याला जोडूनच भावनेचा एक मुद्दा येतो, आणि विदर्भात तो लगेच काळजाला लागतो. 'बाहेर शेतकरी गळफास घेऊन राह्यला, आन् तुमी आतल्या चोराले पुस्तकं देता?' हे वाक्य मी एका अशा माणसाच्या तोंडून ऐकलं ज्याच्या घरात खरोखरच तसं झालं आहे. त्याच्यासमोर तर्क लढवायची माझी हिंमत झाली नाही. पण इथं लिहितो. बाहेरचा तो शेतकरी आणि आतला हा चोर ही दोन वेगळ्या जातीची माणसं आहेत, हेच आधी खरं नाही. आत कोण असतं? दारूबंदीच्या जिल्ह्यात मोहाची पाच लिटर घेऊन सापडलेला. धुऱ्याच्या भांडणात काठी उगारलेला. जंगलातून लाकूड आणलेला. कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी ज्याच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते तो फासेपारधी; इंग्रजांनी १८७१ साली त्याच्यासारख्यांच्या माथ्यावर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, १९५२ साली कायदा गेला, पण ठाण्यातल्या नजरेतून तो शिक्का अजून पुसलेला नाही. आणि माणूस आत गेला की घर कर्जात जातं. वकील, कोर्टात दर पेशीला जाणं, मुलाकातीचं गाडीभाडं, आतल्या कॅन्टीनसाठी मनीऑर्डर, सगळं सावकाराकडून उचलून. शेतकऱ्याला फास लावणारी दोरी आणि ही दोरी एकाच पिळाची आहे.

आणि आता जे सांगतो ते समर्थकांनाही आवडणार नाही. त्या ले-आउटवाल्यानं एकदा मलाच सांगितलं की त्यानं सोडवलेल्यांत एक जण असा निघाला, जो त्यानं घेतलेल्या एका वावरात कामाला होता. वावराचे प्लॉट पडले, बारमाही काम गेलं, माणूस शहराकडं गेला, तिथं भंगाराच्या चोरीत सापडला. "माह्याच वावरातला निघाला ना तो," असं म्हणून तो हसला, आणि मग हसला याचीच त्याला लाज वाटल्यासारखी झाली. म्हणजे एका हातानं जमीन गेली आणि त्याच हातानं जामीन आला. विरोधकांना यापेक्षा मोठा पुरावा नको. पण यातून निष्कर्ष काय निघतो? जामीन परत घ्यावा, हा? माझ्या मते निघतो तो इतकाच, की हा माणूस या प्रश्नाचा दाता जेवढा आहे तेवढाच साक्षीदारही आहे. आणि साक्षीदाराला हार घालून घरी पाठवायचं नसतं. त्याला पिंजऱ्यात उभं करून साक्ष घ्यायची असते.

तिसरा आक्षेप शिकलेल्या मंडळींचा: हे सरकारचं काम आहे, खासगी माणसानं केलं की सरकार सुटतं. अगदी बरोबर. केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना २०२३ पासून आहे. तिच्यात सुरुवातीला कच्च्या कैद्याच्या जमानतीसाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत ठरली होती. जिल्ह्याची समिती नेमायची, तिनं प्रकरणं तपासायची, पैसा थेट कोर्टात भरायचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. मग ले-आउटवाल्याची गरज का पडते? कारण समितीपर्यंत कागद जायला कुणीतरी न्यावा लागतो. कैद्याच्या घरच्यांना ही योजना ठाऊक नाही, कैद्याला समितीचं नाव माहीत नाही, आणि तुरुंगाचा कारकून आधीच दुप्पट माणसांच्या नोंदीत बुडालेला. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की जामीन मिळून महिना झाला तरी रक्कम भरली नसेल तर कोर्टानं अट सैल करायचा विचार करावा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ सांगतं की पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडावं. गंभीर गुन्हे वगळून, अर्थात. कायद्यात दारं आहेत, भरपूर आहेत. दाराशी माणूस नाही. ले-आउटवाला पैसा देऊन भिंतीवरून उडी मारतो, दार उघडं आहे हे तोही कुणाला सांगत नाही. म्हणून शिकलेल्यांच्या आक्षेपाचं उत्तर देणगी थांबवणं हे नाही. देणगीतून गेलेलं प्रत्येक प्रकरण सरकारच्या दारात नेऊन ठेवायचं आणि विचारायचं, हा तुमच्या योजनेतून का सुटला नाही? हे विचारायला हातात काय लागतं? वही.

इतिहासात या जातीचे तीन मासले मला सापडतात. तिघांनाही तुरुंगाचं दुःख दिसलं, पण तिघांच्या हातून झालेलं काम सारखं नाही.

पहिले जमशेटजी जीजीभॉय. मुंबईतलं जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावचं, ते. त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, हे आज कुणी लपवत नाही. आपल्या ले-आउटवाल्याच्या पैशाला वास येतो म्हणणाऱ्यांनी अफूच्या पैशाचा वास आधी घेऊन पाहावा. याच जमशेटजींनी १८२२ साली मुंबईच्या तुरुंगात कर्जापायी अडकलेल्या गरिबांची देणी स्वतः भरून त्यांना सोडवलं. घरी परत आलेल्या त्या माणसांना अफूशी काय देणंघेणं? त्यांनी आपली लेकरं पाहिली. मी तिथं असतो तर तो पैसा नाकारायला सांगितलं नसतं. पण पुढं काय झालं? कर्जदाराला कैदेत टाकायचा कायदा होता तिथंच राहिला. बराक पुन्हा भरली असणार. पैशानं त्या दिवशीची माणसं सुटली, दुसऱ्या दिवशीच्या माणसांसाठी दार तसंच बंद.

दुसरा जॉन हॉवर्ड. इंग्लंडातल्या बेडफर्डशायरचा जमीनदार, बापाच्या व्यापाराचा पैसा वारशानं आलेला, कुळांसाठी चांगली घरं बांधणारा. माणूस म्हणून सरळ होता म्हणावं तर पोटच्या पोराशी त्याचं कधी जमलं नाही आणि ते पोर अखेर वेड्यांच्या इस्पितळात गेलं. हॉवर्ड स्वतःही एकदा फ्रेंचांच्या हाती सापडून कैदेत राहिला होता. १७७३ साली तो जिल्ह्याचा शेरीफ झाला. ते पद मिरवायचं असायचं, तुरुंगात जाऊन पाहायची रीत नव्हती. हा गेला. तिथं त्याला दिसलं की कोर्टानं निर्दोष ठरवलेली माणसंही परत कोठडीत नेली जातात, कारण जेलरला पगार नसतो, तो कैद्यांकडून फी घेतो, आणि फी दिली नाही तर निर्दोषही आतच. अडीचशे वर्षांपूर्वीच्या परमुलखातली ही गोष्ट आमच्या सालदाराच्या गोष्टीपासून फार लांब आहे का? हॉवर्डला खिशात हात घालून त्या सगळ्यांची फी भरता आली असती. त्याऐवजी त्यानं जिल्ह्याच्या न्यायाधीशांना सांगितलं, जेलरला पगार द्या. ते म्हणाले, असं आधी कुठं झाल्याचा दाखला आण. दाखला शोधायला तो घोड्यावर बसून शेजारच्या जिल्ह्यांत गेला. दाखला मिळाला नाही, सगळीकडं तीच लूट मिळाली. तेव्हा तो मोजू लागला: कोठडीची लांबी-रुंदी, पाणी किती, पाव किती, फी किती, कोण कशापायी आत. १७७४ साली त्यानं पार्लमेंटपुढं साक्ष दिली आणि त्याच वर्षी सुटलेल्या कैद्यांकडून फी घेणं बंद करणारा कायदा झाला. १७७७ साली त्याचा तुरुंगांवरचा ग्रंथ आला. १७९० साली दूर खेरसोनला, आजच्या युक्रेनमध्ये, तापानं मरेपर्यंत हा माणूस मोजतच होता.

तिसरा आपल्या घरचा आहे, आणि त्याचं नाव आपल्या गावच्या वादात एकदाही निघालं नाही याचं मला वाईट वाटतं. खुसरो फरामुर्ज रुस्तमजी. जन्म कामठीचा, १९१६ चा. पोलीस अधिकारी, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. म्हणजे कैद्यांचा कैवारी म्हणून कुणी बोट दाखवावं असा माणूस नव्हे, आयुष्य गेलं पकडण्यात. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले आणि तिथं त्यांना अशी माणसं दिसली ज्यांच्या गुन्ह्याची जास्तीत जास्त शिक्षा जेवढी, त्याहून जास्त वर्षं ती खटल्याविनाच आत होती. त्यांनी ते वर्तमानपत्रात लिहिलं, तपशिलानं. त्यावरून वकील कपिला हिंगोराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणाचा निकाल आला. त्वरित खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला, हजारो माणसं सुटली. रुस्तमजींनी किती जमानती भरल्या? माझ्या माहितीत एकही नाही. त्यांनी कोण, कुठं, किती दिवस, एवढंच मांडलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांपुढं आलं होतं. जामीन सर्वोच्च न्यायालयानंच दिलेला. खाली दंडाधिकाऱ्यानं दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाचा शब्द एका परक्या सातबाऱ्याशी येऊन अडला! कृष्ण अय्यरांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं आणि गरिबाच्या खिशाकडं न बघता रकमा ठरवणाऱ्यांचे कान उपटले. निकाल आजही वकील कोर्टात वाचून दाखवतात. आणि आमच्या जिल्ह्याच्या कोर्टाबाहेर आजही भाड्याचे जामीनदार झाडाखाली उभे असतात. एकच सातबारा किती कैद्यांसाठी उभा राहतो ते त्या झाडालाच माहीत.

वहीशिवाय दानाचं काय होतं, हे दाखवायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही. पवनारला आपली धाम नदी आहे, आणि तिच्या काठावर राहिलेला माणूस १९५१ पासून देशभर पायी फिरून जमीन मागत होता. दानाला विनोबा समान वाटणी म्हणत. देणाऱ्याचं चारित्र्य त्यांनी कधी तपासलं नाही. जमीनदारांनी चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दिली, आणि पुष्कळांनी दिली ती खडकाळ, वादातली, गहाण पडलेली. वाटायच्या वेळी कागद जुळेनात, चतुःसीमा सापडेनात, फेरफार होईनात. मोठा भाग भूमिहीनापर्यंत पोचलाच नाही. नियत विनोबांहून निर्मळ कुणाची असणार? तरी काम अडलं ते नोंदीपाशी. मग ज्याच्या नियतीबद्दल आपण आधीच साशंक आहोत, त्याच्याकडून आधी नोंद मागायची की प्रमाणपत्र?

समर्थकांना माझं सांगणं आहे, की शाल-श्रीफळाचा आग्रह सोडा. सत्कारात भाषणं होतील, भाषणांत 'माणुसकी' हा शब्द वीस वेळा येईल आणि दुसऱ्या दिवशी आत तेवढीच माणसं असतील. विरोधकांना सांगणं आहे, की तुम्ही ज्या तावातावानं त्याचे जुने सौदे उकरता, त्यातला चौथा हिस्सा ताव गरिबांना मोफत वकिली मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पायऱ्या चढण्यात घालवा. कारागृहांवर अशासकीय अभ्यागत नेमायची तरतूद आहे, तिथं जाऊन पाहणारे लोक लागतात. विधी स्वयंसेवक व्हायला वकील असावं लागत नाही. कच्च्या कैद्यांची प्रकरणं तपासणारी समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात, आणि तिच्यापुढं ठेवायला यादी लागते. आपल्या गावात निवृत्त शिक्षक किती आहेत? पेन्शन घेऊन पानठेल्यावर नीतिशास्त्र सांगण्यापेक्षा (मीही त्यांतलाच) महिन्यातून दोन दिवस कुणाचा तरी ऐपतीचा दाखला काढायला तहसीलला जाता येतं. ज्यांच्या कपाटात सातबारा आहे त्यांना तर आणखीही काही करता येतं. ते काय, हे मला माझ्या वडिलांच्या त्या दोन महिन्यांपासून ठाऊक आहे, आणि मीही अजून एकदाच केलं आहे.

हे सगळं मनात घेऊन गेल्या आठवड्यात मी त्या ले-आउटवाल्याकडं गेलो. ऑफिसात भिंतीवर ले-आउटचा रंगीत नकाशा, खाली साईबाबांचा फोटो. मी म्हटलं, सत्काराचं नंतर बघू, मला तुमची वही हवी आहे. नावं खोडून, नुसता गुन्हा, रक्कम, दिवस. टाइप करून न्यायाधीशसाहेबांच्या समितीकडं आणि छापणाऱ्या प्रत्येक पेपराकडं देणार. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग टेबलाच्या खणातून त्यानं दोनशे पानी शाळकरी वही काढली. सौद्यांची डायरी असावी तशाच आखलेल्या रेघा. "घेऊन जा सर," म्हणाला. "पन पयल्या पानावर माहंच नाव हाय."

मी पान उघडलं. इसाराच्या भांडणातून फसवणुकीची तक्रार, पंचवीस हजार, दिवस एकोणीस. जामीनदाराच्या रकान्यात लिहिलं होतं, मेव्हणा, सहा एकर ओलीत. खालच्या ओळीत त्याच बराकीतला दुसरा माणूस. मोहाची दारू, पंधरा हजार, दिवस सत्त्याण्णव. जामीनदाराच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.